पायसमाखालची स्टेपनी

सुंदररावांचं ठाम मत होतं की स्टेपनी ही भित्र्या माणसांसाठी असते. चाळीस वर्षं ते कुंभकोणमच्या रस्त्यांवर गाडी हाकत होते, आणि एकदाही पंक्चर झालं नव्हतं. हे ते भेटेल त्याला सांगत. कोणी भेटलं नाही तर फोन करून सांगत.

त्यांचे मेहुणे अप्पाजी नेमके उलटे. त्यांच्या डिकीत स्टेपनी, हवेचा पंप, दोर, टॉर्च आणि एक रिकामी बादली कायम असे. "अप्पाजी गाडी काढत नाहीं, बिऱ्हाड हलवितो," असं सुंदरराव चारचौघांत म्हणत आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसत. अप्पाजी हसत नसत. ते वाट पाहत.

तर त्या शुक्रवारी सुंदररावांचं लग्न होतं, आपल्याच बायकोशी. इकडे साठी पूर्ण झाली की नवऱ्यानं जुन्या बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधायचं असतं. मुहूर्त साडेनऊ ते साडेदहा. साडेदहाला राहुकाळ लागत होता, आणि राहुकाळात कुंभकोणमात कोणी नवी साबणाची वडीसुद्धा फोडत नाही. हा मुहूर्त हुकला तर पुढचा दोन महिन्यांनी, असं शास्त्रीबुवांनी बजावलं होतं. चेन्नईपासून बेंगळुरूपर्यंतचे दीडशे पाहुणे मंडपात हजर होते.

सकाळी सातला दोन अडचणी उभ्या राहिल्या. स्वयंपाकी नरसिंहानं पायसमाचा मोठा अंडा, म्हणजे खिरीचा पितळी हंडा, आणला होता, पण त्याखालचं लोखंडी कडं घरी विसरला. अंड्याचं बूड गोल. कड्याशिवाय तो नुकतं बसायला शिकलेल्या पोरासारखा डुलत होता. दुसरी अडचण समईची. शेजारच्या नाचियार्कोविल गावी सांगितलेली पाच फुटी पितळी समई तयार झाली होती, पण तिची रुंद बैठक डिकीत मावणार नव्हती. मावली असती तर फक्त स्टेपनीच्या खड्ड्यात.

सुंदररावांनी एका दगडात दोन पक्षी मारले. स्टेपनी काढली, शिकेकाईनं घासून धुतली, ती केळीच्या पानांनी पुरती झाकली आणि अंडा वर बसवला. अंडा जो बसला तो हलायचं नाव घेईना.

"पाहिलीस?" ते बायकोला म्हणाले. "ह्यास म्हणतात डोकें."

"डोकें राहूं द्या," कामाक्षीबाई म्हणाल्या. "समईस आपल्या पोरास, शशांकास, पाठवा. नवरदेवानें आज बाहेर पडूं नये."

"शशांक बेंगळूरांत राहून बिघडला. फोन सांगेल तिकडे वळतो. मी चाळीस मिनिटांत येतों."

नाचियार्कोविलला ते वेळेवर पोचले, हे मान्य केलं पाहिजे. समईही फक्कड झाली होती. आठ वाजून वीस मिनिटांनी ती डिकीत चढली आणि गाडी ओतकामाच्या गल्लीतून निघाली. त्या गल्लीत फुटके साचे आणि पितळेचे कातरलेले तुकडे कडेला ढिगानं पडलेले असतात. समोरून बैलगाडी आली म्हणून सुंदररावांनी ऐटीत गाडी कडेला घेतली. आवाज मोठा झाला नाही. गाडी फक्त एका अंगाला बसली.

पंक्चरवाला तीस पावलांवर होता. तेवढ्यानं सुंदररावांना पुन्हा हुरूप आला. त्यानं चाक पाहिलं, फाटलेल्या जागेत अंगठा घातला आणि तमिळात म्हणाला, "सार, बाजू फाटली आहे. ह्याला चिकटवून उपयोग नाही. स्टेपनी काढा."

"नाही."

"घरी आहे?"

"लग्नाच्या मंडपात."

"तिथे काय करते?"

"पायसम धरून बसली आहे."

पंक्चरवाल्यानं कोरं धोतर नेसलेल्या, कपाळाला गंध लावलेल्या त्या गृहस्थाकडे जरा वेळ पाहिलं. मग तो आत गेला आणि बायकोलाही दाखवायला घेऊन आला.

नवा टायर कुंभकोणमात मिळाला असता, पण दुकान दहाला उघडणार. मुहूर्ताचा दिवस, त्यामुळे झाडून सगळ्या रिक्षा वऱ्हाडांनी पळवलेल्या. राहता राहिली अप्पाजींची गाडी. एक फोन केला असता तर अप्पाजी वीस मिनिटांत हजर झाले असते, आणि पुढची वीस वर्षं ती गोष्ट सांगत बसले असते. सुंदररावांनी फोन केला तो कामाक्षीबाईंना.

"टायर फाटला. स्टेपनी शशांकाच्या स्कूटरवर धाड; समई अन् गाडी टाकून आलों तर अप्पाजीस कळेल. अप्पाजीस मात्र सांगूं नको."

"अय्यो. मुहूर्त जाईल कीं हो."

"मुहूर्त जाऊं देऊं नको. अन् अप्पाजीसही सांगूं नको."

कामाक्षीबाई पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे अप्पाजी अंड्याशेजारी स्टूल टाकून बसले होते. पायसमावर देखरेख करतो, असं ते म्हणत. हातात पेला होता. कामाक्षीबाईंनी नरसिंहाला कोपऱ्यात घेतलं.

"अंडा उतर. खालचें चाक पाहिजे."

"कसा उतरूं, अम्मा? काठापर्यंत भरला आहे. हालविला तर अर्धें पायसम माझ्या पायांवर."

"दुसऱ्या भांड्यांत काढ."

"एकांत सांबार, एकांत रसम. असकीं भांडीं भरलीं, एकही रितें नाहीं. पायसम वाढून संपवा, मग चाक देतों."

आता पाहा कशी गंमत झाली. पायसम वाढायचं तर जेवण सुरू व्हायला हवं. जेवण लग्नानंतर. लग्न नवरदेव आल्यावर. नवरदेव येणार स्टेपनी मिळाल्यावर, आणि स्टेपनी पायसमाखाली. कामाक्षीबाईंनी हे दोनदा मनात फिरवून पाहिलं. घड्याळात पावणेनऊ झाले होते. तेहतीस वर्षं ह्या माणसाची फुशारकी त्यांनी निभावली होती. आजच्या दिवशी ती दीडशे माणसांत, त्यातही आपल्या भावासमोर, उघडी पडावी हे त्यांच्यानं बघवेना. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याच माणसाशी पुन्हा लग्न करायचं होतं, दोन महिन्यांनी नव्हे, आज.

त्या मंडपात गेल्या आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, "असक्यांनीं पानावर बसा. आमच्या घराण्यांत साठीच्या लग्नास मुहूर्ताच्या आधीं पायसम वाढायची रीत आहे."

शास्त्रीबुवांनी पोथीतून मान वर काढली. "ही रीत कोठली, बाई? मी ऐकिली नाहीं."

कामाक्षीबाई काही जुळवून सांगणार एवढ्यात सुब्रह्मण्यमामा काठी आपटत उठले. वय अठ्ठ्याऐंशी, घराण्यात सगळ्यांत वडील, कानांनी अधू आणि पायसमाचे भक्त. "आहे कीं," ते म्हणाले. "आपले वाडवडील राजवाड्यांत चाकरीस होते, तेथें होती. माझ्या आजोबाच्या साठीस मी दोन पेले प्यालों. तुम्ही असकें विसरलांत."

वडीलमाणसानं साक्ष दिल्यावर कोण बोलणार? अप्पाजींच्या पत्नी भुवनेश्वरीबाई शेजारणीला म्हणाल्या की आपल्यालाही अंधुक आठवतं. तिसऱ्या पंगतीत कोणीतरी त्यामागचं शास्त्रीय कारणही सांगितलं. ते पित्ताशी संबंधित होतं. शास्त्रीबुवांनी पोथी मिटली आणि पान पुढे ओढलं.

नरसिंह आणि त्याची माणसं पायसम वाढत सुटली. "आणखी घ्या, रीत आहे," म्हणत कामाक्षीबाई स्वतः आग्रह करत होत्या. सव्वानऊला अंड्याचा तळ दिसला आणि अंडा उतरला. आता स्टेपनी अप्पाजींच्या नाकासमोरून बाहेर काढायची होती. नरसिंहानं तिच्यावर नवं रेशमी उपरणं टाकलं आणि ती डोक्यावर घेऊन तो निघाला. नादस्वरवाल्यांना वाटलं देवाचं ताट चाललं. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. मंडप उठून उभा राहिला. सुब्रह्मण्यमामांनी हात जोडले, त्यांचं पाहून अप्पाजींनीही जोडले.

शशांक स्कूटरवर स्टेपनी घेऊन नाचियार्कोविलला पोचला तेव्हा पावणेदहा झाले होते. त्याच्यामागे चार कुत्री होती. स्टेपनी कोमट होती, गुळानं चिकटली होती आणि तिला वेलदोड्याचा वास येत होता. पंक्चरवाल्यानं ती हुंगली, बोट फिरवून चाटलं आणि मग बसवली. "सार, पायसम चांगलं आहे," तो म्हणाला. सुंदररावांनी गाडी अशी काही पिटाळली की कुत्री दोन मैल मागे आली.

दहा वाजून एकवीस मिनिटांनी ते मंडपात शिरले. मागून शशांक आणि दोघे जण समई घेऊन आले. अप्पाजींनी समई पाहिली, मग सुंदररावांचं घामानं थबथबलेलं कपाळ पाहिलं.

"उशीर झाला, भावोजी? कांहीं पंक्चर-बिंक्चर?"

"मज? पंक्चर?" सुंदरराव म्हणाले. "समईस चकाकी कमी होती. पुन्हा घासवून घेतली."

दहा वाजून सव्वीस मिनिटांनी त्यांनी मंगळसूत्र बांधलं. गाठ दोनदा सुटली. कामाक्षीबाईंनी मान खाली घालून हळूच विचारलं, "चाक बसविलें काय नीट?" आणि सुंदररावांना पहिल्या लग्नातही झाला नव्हता एवढा आनंद झाला. ह्या बाईनं आपली लाज राखली, हे त्यांना पुरतं कळलं होतं. कशी राखली, ते विचारायला मात्र सवड मिळाली नव्हती.

मग पानं मांडली. सकाळपासून सुंदररावांच्या पोटात कॉफीचा एक घोट गेला होता. भाज्या आल्या, वडा आला, सांबार-भात झाला, रसम-भात झाला. सुंदररावांनी पानावर जागा करून ठेवली. नरसिंह आला आणि त्यानं तिथे दहीभात घातला.

"अरे, पायसम?"

पंगत थांबली. सुब्रह्मण्यमामांना नेमकं हेच ऐकू आलं. "लग्नानंतर पायसम?" ते गरजले. "आपल्या घराण्यांत? राजवाड्यांत असें कधीं झालें नाहीं. फार वाईट तें."

"अशुभच," शास्त्रीबुवा म्हणाले.

शेजारच्या पानावरून अप्पाजी सावकाश वळले. "काय हें, भावोजी? घराण्याची रीत तुम्हांस ठाऊक नाहीं?"

सुंदररावांनी कामाक्षीबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या पानाकडे फार लक्षपूर्वक पाहत होत्या.

"ठाऊक नाहीं कशी?" सुंदरराव म्हणाले. "मी नरसिंहाची परीक्षा पाहत होतों."

आणि त्यांनी दहीभातात लोणचं कालवलं.