मावशीचा हात आणि बाईंची भुवई

प्रात्यक्षिक परीक्षेत मीच पहिली येणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती! न्यूरोसायन्सच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रयोग करावा लागतो आणि त्यासाठी लागणारा माणूस ज्याचा त्यानं आणायचा असतो. कुणी भाऊ आणला, कुणी शेजारी. एकीनं आजोबांना आणलं. ते खुर्चीत टेकले तसे घोरायलाच लागले, तेव्हा तिनं शहाणपणानं विषय बदलून झोपेवर प्रयोग केला. मी आणणार होते माझी मावशी. कॉलेजसमोरच तिचं पार्लर आहे आणि दोऱ्यानं भुवया कोरण्यात तिचा हात धरणारं या भागात कुणी नाही.

पास होणं मला भागच होतं. घरात माझ्या शिक्षणावर कुणाचा फारसा विश्वास नाही. "मेंदूचं शिकतेस ना, मग माझा चष्मा कुठे राहिला ते सांग," असं काका रोज विचारतात. आईनं तर निर्वाणीचं सांगून ठेवलं होतं, "नापास झालीस तर रडत घरी यायचं नाही. रस्ता ओलांडायचा आणि मावशीकडे केस झाडायला लागायचं."

प्रयोग तसा सोपा होता. भिंतीवर लाल ठिपका आणि हातात चिकटणारे चेंडू. आधी नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यावर चेंडू मारायचे. मग एक जाड काचांचा चष्मा घालायचा, ज्यातून सगळं जग उजवीकडे सरकलेलं दिसतं. सुरुवातीला नेम चुकतो, पण मेंदू हुशार. थोड्या वेळात तो हाताला डावीकडे मारायची सवय लावतो. तिसऱ्या टप्प्यात चष्मा काढायचा. आता जग सरळ दिसतं, पण हात नवी सवय सोडत नाही आणि चेंडू डावीकडेच जातात. ते किती चुकतात हे मोजायचं. हात ताळ्यावर येईपर्यंत माणसाला दाराबाहेर सोडायचं नाही, अशी आमच्या विभागप्रमुख बाईंची सक्त ताकीद होती.

मावशीनं पहिला टप्पा फस्त केला. चष्मा चढवल्यावर मात्र पहिला चेंडू थेट खिडकीतून बाहेर गेला.

"अगं, भिंत हलतेय तुमची," मावशी म्हणाली.

"भिंत नाही गं, तू मारत राहा."

ती मारत राहिली. हळूहळू नेम असा काही बसला की बघायला वर्ग गोळा झाला. मावशीला चेव आला. ती काही थांबेना! एवढी सवय कुणाच्याच हाताला लागली नसेल, माझा आलेख सगळ्यांत देखणा येणार, म्हणून मीही तिला थांबवत नव्हते. शेवटी तिनं चष्मा काढला, मी फूटपट्टी उचलली आणि तेवढ्यात विभागप्रमुख बाई आत आल्या.

"बरं झालं तुम्ही इथेच सापडलात," त्या मावशीला म्हणाल्या. "कॉलेजच्या माहितीपुस्तकासाठी माझा फोटो काढायचाय. फोटोवाला येऊन बसलाय. भुवयांचं जंगल झालंय नुसतं. चला पटकन."

"बाई, माझा तिसरा टप्पा राहिलाय," मी म्हणाले.

"तो काय पळून जातोय? उद्या परीक्षेआधी कर."

विभागप्रमुखांपुढे बोलणार कोण? मावशी निघाली. जाताना तिनं दाराची मूठ धरायला हात घातला तो शेजारच्या भिंतीवर. दुसऱ्यांदाही भिंतीवरच. बाईंनी स्वतः दार उघडलं आणि दोघी गप्पा मारत गेल्या. मी खाली पडलेले चेंडू गोळा करत होते. अर्धे गोळा झाले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हात ताळ्यावर आलेलाच नाही, आणि त्या हातात आता दोरा असणार!

मी पळत सुटले. पार्लरच्या काचेतून दिसलं ते असं: बाई खुर्चीत मागे मान टाकून डोळे मिटून पडलेल्या, मावशी त्यांच्या डोक्यामागे उभी, दोऱ्याचं एक टोक दातात. दोन भुवयांच्या मधले केस काढायला ती वाकली होती.

"मावशी, थांब!"

"हं?" मावशी दातांतून म्हणाली. तोवर हात चालून गेला होता. मेंदूनं शिकवल्याप्रमाणे, डावीकडे.

मावशीनं दोरा खाली ठेवला. बाईंनी डोळे उघडून आरसा मागितला. तो कुणी द्यायचा म्हणून मी आणि मावशीनं एकमेकींकडे बघितलं. डाव्या भुवईचा नाकाजवळचा अर्धा भाग निघून गेला होता आणि उरलेला अर्धा आश्चर्यानं वर चढल्यासारखा दिसत होता. फोटोत बाईंनी कपाळावर केस ओढून घेतले.

मी रात्रभर तळमळले. मावशीचं एक गिऱ्हाईक गेलंच होतं, माझं वर्षही जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. एव्हाना मावशीचा हात ताळ्यावर आला होता, मोजायला काही उरलंच नव्हतं. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे आणि हसायचं विसरलेले होते. शेजारी बाई बसलेल्या, केस कपाळावर. परीक्षकांनी माझा अहवाल चाळला.

"चष्मा काढल्यानंतरची मापं कुठे आहेत?"

"सर, ती घेता आली नाहीत. हात ताळ्यावर यायच्या आत प्रयोगातला माणूस निघून गेला."

"असं कसं निघून गेला? मापं नाहीत तर प्रयोग नाही. नापास."

माझ्या डोळ्यांपुढे मावशीचा झाडू उभा राहिला. माणूस घाबरला की खरं बोलतो. "माप आहे, सर," मी म्हणाले, "फक्त ते भिंतीवर नाही."

"मग कुठे आहे?"

मी बाईंकडे वळले. नुसतं बघितलं. परीक्षकांनीही बघितलं. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं बाईंचे केस बाजूला केले आणि मग सगळ्यांनीच बघितलं.

परीक्षकांनी अतिशय गंभीरपणे फूटपट्टी माझ्या हातात दिली. "मोजा."

मी मोजलं. विभागप्रमुखांच्या कपाळाला फूटपट्टी लावायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये! बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. आकडा स्पष्ट होता.

"दिशा?"

"डावीकडे, सर."

"म्हणजे सिद्धांताप्रमाणे." त्यांनी आकडा लिहून घेतला आणि पेन गालावर टेकवून विचार करत बसले. "माप चोख आहे. पण एकाच मापावरून निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून नाही. निदान आणखी एक तरी हवं."

खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा सावकाश बाईंच्या उजव्या भुवईकडे वळल्या.

बाईंनी झटकन तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पास करा हिला."

आईला मी एवढंच सांगितलंय की अभ्यास मन लावून केला होता.