शिवणबाईंचे स्पॅनिश

आमच्या शाळेतल्या शिवणबाईंच्या शेगडीवर दूध उतू गेले, की त्या "फुएगो! फुएगो!" असे ओरडत. फुएगो म्हणजे आग. त्याच दुधात मांजराने तोंड घातले, की "लाद्रोन!", म्हणजे चोर. आणि कात्री सापडेनाशी झाली, की कपाळाला हात लावून त्या म्हणत, "ए पेर्दिदो मि एकिपाहे." याचा अर्थ, माझे प्रवासाचे सामान हरवले आहे. बाई नांदुऱ्याबाहेर क्वचितच जात आणि प्रवासाचे सामान म्हणावे असे त्यांच्याजवळ काही नव्हते. पण कात्री हरवल्याचे स्पॅनिशमध्ये कसे सांगतात हे ठाऊक नसल्यामुळे त्या सामानावर भागवून नेत.

ही भाषा त्यांच्याकडे आली ती रद्दीच्या दुकानातून. फ्रॉकच्या नमुन्यांचे एखादे इंग्रजी पुस्तक मिळेल म्हणून त्या रद्दी चाळत होत्या. तिथे परदेशी प्रवाशांसाठी छापलेले, स्पॅनिश वाक्यांचे उच्चार आणि अर्थ इंग्रजीत देणारे एक चिमुकले पुस्तक त्यांच्या हाती लागले. कुणी गोरा प्रवासी ते रेल्वेत विसरला असावा. पुढची आणि मागची पाने वाळवीने खाल्लेली. मधले एकच प्रकरण धड उरले होते, ते म्हणजे संकटकाळी आणि स्वसंरक्षणासाठी म्हणावयाची वाक्ये. त्यामुळे बाईंना स्पॅनिशमध्ये नमस्कार करता येत नसे, पाणी मागता येत नसे, बरे आहे म्हणता येत नसे. त्यांच्या स्पॅनिशमध्ये सदैव काहीतरी भयंकर घडत असे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे नवे झाले होते. आमच्या मुलींच्या शाळेतील बाकांवर जुन्या राज्याचे शिक्के तसेच होते. मी वडनेर भोलजीहून बसने शाळेत येत असे. घरी वांगी, कांदे, मेथी असा भाजीपाल्याचा मळा होता. माझ्या घराण्यात मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच मुलगी. माझा आवाज मात्र इतका लहान होता, की हजेरीच्या वेळी माझ्या वतीने शेजारची कुसुमच "हजर" म्हणे.

शिवणबाई उंच आणि किरकोळ होत्या. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. त्या टाचण्या न काढताच त्या बोलत, त्यामुळे स्पॅनिश ही दात मिटून बोलण्याची भाषा आहे अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती. अकाली वैधव्य आल्यावर त्या मोठेपणी शिकल्या होत्या आणि आता स्टेशनजवळच्या एका खोलीत एकट्या राहत. स्पॅनिशचा प्रयोग त्यांनी प्रथम गल्लीतल्या कुत्र्यावर केला. "देहेमे एन पास!", म्हणजे माझ्या वाटेला जाऊ नका, असे त्यांनी ठणकावताच ते शेपूट घालून पळाले. नंतर कापडवाल्या मारवाड्याने मापात बोटभर कमी दिले, तेव्हा "यामे आ ला पोलिसीया" एवढेच त्या शांतपणे म्हणाल्या. पोलिसांना बोलवा, हा त्याचा अर्थ. त्या बापड्याला काय वाटले कोण जाणे, त्याने वीतभर जास्त फाडून दिले.

"कुत्र्याले समजते, मारवाड्याले समजते," बाई म्हणाल्या, "तं सायकलवाल्या पोट्ट्यायले काऊन नाही समजणार?"

येथे सायकलवाल्या पोरांविषयी सांगणे भाग आहे. बसथांब्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता जिनिंगवरून, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यावरून जाई. हंगामात तिथे कापसाच्या गाड्यांची रांग लागे आणि त्या गर्दीत काही रिकामटेकडे तरुण मुलींच्या मागे घंटी वाजवीत येत, काहीबाही बोलत, क्वचित हातही लावत. आम्ही मुली खाली पाहून चालत असू. घरी सांगण्याचा प्रश्नच नव्हता. कुसुमने सांगितले, आणि दिवाळीनंतर तिची जागा रिकामी राहिली. तक्रार तिने केली आणि शाळाही तिचीच बंद झाली.

कुसुमची जागा रिकामी झाली त्या आठवड्यात बाईंनी आपला सिद्धांत आमच्यापुढे मांडला. "पोरींनो, मराठीत बोंबलसान तं सारा बजार इचारीन, काय झालं व माय? इचारलं का सांगा लागते. सांगितलं का थे घरी जाते. अन् घरी गेलं का दप्तर खुंटीले. म्हणून अशा भाषेत बोंबला, का पोट्टा भ्यायला पाहिजे, पण घरी नेऊन सांगाले कोणाले काही समजलं नाही पाहिजे."

आणि शिवणाच्या तासाला आमचे शिक्षण सुरू झाले. मुख्याध्यापिकांना ऐकू जाऊ नये म्हणून साऱ्या पायमशिनी एकदम भरधाव सोडायच्या आणि त्या खडखडाटात "सोकोर्रो!", "वाचवा", असा गजर करायचा. मुख्याध्यापिका बाहेरून जाताना कौतुकाने म्हणत, "शिवणाचा वर्ग फार मेहनती आहे." त्या वर्षी आमच्या वर्गाने एकही फ्रॉक पुरा केला नाही.

माझी पाळी आली, की बाई कानामागे हात धरत. "हा धावदोरा झाला," त्या म्हणत. "वढला का उसवते. मले बखिया पाहिजे, बखिया!" धावदोरा म्हणजे कच्ची शिवण आणि बखिया म्हणजे पक्की. मी पुन्हा म्हणे आणि तो पुन्हा धावदोराच होई. शेवटी त्या हताश होऊन म्हणाल्या, "तुह्या गळ्यातच कोणं टाका घातला व सुमन?"

पुढे एका बाजाराच्या दिवशी, जिनिंगसमोर, एका सायकलवाल्याने माझ्या दप्तराचा पट्टा धरला. सोडीना. गाडीवान पाहत होते, भाजीवाल्या पाहत होत्या. मी नेहमीप्रमाणे खाली पाहिले. आणि मग कसे ते मला आजही उमगलेले नाही, पण गळ्यातला तो टाका उसवला.

"सुएल्तेमे!" मी किंचाळले. सोडा मला. एकदा आवाज फुटल्यावर तो आवरता येईना. "नो मे तोके!", म्हणजे मला हात लावू नका, हे झाले, "सोकोर्रो!" झाले, आग लागल्याचे झाले, सामान हरवल्याचे झाले. अखेरीस मला तातडीने दंतवैद्य हवा आहे, हेही मी त्या सबंध बाजाराला कळवले. तो तरुण सायकल तिथेच टाकून पळाला.

बाजार स्तब्ध झाला आणि मग चर्चा सुरू झाली.

"पोरीच्या अंगात आलं बाप्पा!" एक म्हातारा गाडीवान म्हणाला.

"अंगात कायचं? तेलंगी होये थे. म्या आयकली हाये."

"अबे, इंग्रजी हाये. वरच्या वर्गातली."

अंगात आल्याचा पक्ष प्रबळ ठरला. एका भाजीवालीने माझ्या कपाळी कुंकू लावले, हातात नारळ दिला आणि हळूच विचारले, "माय, माह्या सुनेले यंदा तरी दिवस राह्यतीन का?" भीतीने मला दुसरे काही सुचेना. मी "सोकोर्रो" म्हणाले. ती समाधानाने गेली.

त्या दिवशी माझ्या आधीच्या बसने आमच्या गावचे लोक परतले. ही हकीकत माझ्याआधी घरी पोहोचली. माझ्या वडिलांनी, आबांनी, ती ऐकून घेतली. सकाळी त्यांनी धुतलेले धोतर नेसले, पटका बांधला आणि म्हणाले, "आज मी येतो शाळेत." मॅट्रिकची परीक्षा जवळ आली होती. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो आणि मी मनातल्या मनात बाकांचा, मशीनचा, नकाशांचा निरोप घेत होते. शाळेतून नाव काढायला बापच यावा लागतो, हे मला कुसुममुळे ठाऊक होते.

आबा थेट शिवणाच्या खोलीत आले. बाईंनी त्यांना पाहून ओठांतल्या टाचण्या काढल्या. आबा कशाला आले ते त्यांना समजले असावे. "वक्तृत्वाची स्पर्धा हाये," असे काहीतरी निमित्त त्या सांगू लागल्या. आबांनी हात वर केला.

"सांगू नका, बाई."

बाईंनी टाचण्या टेबलावर ठेवल्या.

"मले गावात सारे इचारून राह्यले, पोरगी काय वरडली? म्या म्हटलं, मले थे भाषा येत नाही." आबा सावकाश, एकेक शब्द निवडून बोलत होते. "येत नाही तं येत नाही. तिच्या मायले येत नाही, माह्या भावाले येत नाही. जे समजलंच नाही, त्याच्यासाठी पोरीची शाळा काऊन बंद करा लागते? तुमी अर्थ सांगसान, तं मंग मले काहीतरी करा लागीन. म्हणून सांगू नका."

एवढे बोलून त्यांनी पिशवीतून आणलेली वांगी टेबलावर ठेवली, मला म्हणाले, "बस चुकवू नको सांजच्याले," आणि निघून गेले.

मला आनंदाने हसावे की रडावे कळत नव्हते. बाई मात्र दाराकडे पाहत उभ्या होत्या. मला नव्हे, जणू त्या वांग्यांना सांगावे तसे त्या म्हणाल्या, "म्या मराठीत सांगितलं होतं व. चौथीत होती. विहिरीवरच्या पोट्ट्याचं सांगितलं. माह्या बापाले सारं समजलं. चांगला होता माहा बाप. लय माया होती त्याची. पण समजलं ना त्याले. आखाजीच्या सणाले लगीन लावून देलं."

मग एकदम भानावर येऊन त्या म्हणाल्या, "अव, चहा बी नाही पेले थे. जाय, बलाव त्याहिले. त्याहिच्या बसले वेळ हाये अजून."

मी धावत जाऊन आबांना परत आणले. बाईंनी कोपऱ्यातला स्टोव्ह पेटवला. आबा मुलींच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसले आणि बशीत फुंकर घालत चहा प्याले.

परक्या पुरुषासमोर बाई डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसत. शाळा तपासायला साहेब आले, तरी त्या एका हाताने पदर धरून दुसऱ्या हाताने शिवण दाखवत. त्या दिवशी चहा ओतताना तो पदर सरकून खांद्यावर आला. त्यांनी तो पाहिला आणि तसाच राहू दिला. आमच्याकडे बायका असे फक्त माहेरी वावरतात.

"आणखी घ्या थोडा," त्या म्हणाल्या. आबांनी बशी पुढे केली.