आप्पांचा कापलेला सीन

नातवाला नोकरी लागली म्हणून आम्ही घरी सत्यनारायण घातला होता. भटजींना त्या दिवशी आणखी दोन घरं होती, म्हणून ते जरा भरभर वाचत होते. तिसरा अध्याय संपला, शंख फुंकला, आणि मागच्या सतरंजीवरून आवाज आला, "महाराज, मधलं कापलं."

भटजींनी चष्म्यावरून बघितलं. "काय कापलं?"

"साधुवाण्याची बायको नवऱ्याला इचारती, पूजेचं कवा बघनार म्हनून. ते कुटं गेलं? फुल लांबी वाचा. आमी बसलोत."

भटजींनी मुकाट्यानं पान मागं उलटलं. प्रसादाचा शिरा गार झाला, माझी सून धुसफुसत राहिली, आणि आप्पा मात्र मांडी घालून शेवटपर्यंत ताठ बसले. पोथीत एक ओळ कमीजास्त झाली असती तरी त्यांना कळलं असतं.

हे आमचे बसलिंगआप्पा. मांजरसुंब्याच्या चौकात माझी खानावळ आहे, तिला लागून त्यांचं पाइपांचं दुकान. मधे एकच भिंत. त्यांच्याकडे शेतातले पाइप, तोट्या, खिळे, मोटारीचं सामान मिळतं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत, मला अक्का म्हणतात, आणि रोज दुपारी माझ्याकडची भाजी चाखून "मसाला कापलाय" म्हणतात. बातम्या लागल्या की "कापल्यात". लग्नपत्रिकेत चुलत्याचं नाव नसलं की "कापलंय". पाइप कापताना मात्र गिऱ्हाइकानं दहा फूट मागितला तर स्वतः वीतभर जास्त ठेवून करवत लावतात. "जास्त झालं तर कापता येतं अक्का, कमी झाल्यावर काय करता?"

या सगळ्याचं मूळ एका पिच्चरमध्ये आहे.

'धूम्रगड' नावाचं तीन भागांचं पिच्चर आहे. राजे, तलवारी, बोलणारे गरुड, असं सगळं. दोन भाग येऊन गेले, तिसरा दिवाळीला यायचाय. त्याचे वेडे लोक गावोगाव आहेत म्हणे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या वेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. अडीचशे माणसं आहेत त्यात. सगळी कॉलेजची पोरं, आणि मधे एकटे एकसष्ट वर्षांचे आमचे आप्पा. ग्रुप चालवतो केजचा एक गणिताचा मास्तर. फार शिस्तीचा माणूस. त्याच्यात आणि आप्पांच्यात चार वर्षं भांडण चाललं होतं, ते एका सीनवरून.

सांगते. पहिला भाग लागला त्या दिवशीचा पहिला खेळ बघायला आप्पा बीडला गेलते. त्यांच्या पोरीनं, लीलेनं नेलतं. तिला या पिच्चरांची लई आवड. मलाही सोबत ओढलं. त्या पिच्चरमध्ये मेघांगी नावाची नावाड्याची पोरगी असते. बापाला न विचारता ती सैन्यात जाते. पहाटे गुपचूप नदी ओलांडते, नाव धारेला सोडून देते आणि पलीकडच्या रानात जाते. एवढं सगळ्यांनी बघितलंय. पण आप्पा म्हणतात, त्या खेळाला याच्यापुढं आणखी एक सीन होता. बाप उठतो, पोरगी नाही असं बघतो. मग दुसरी नाव सोडतो, पलीकडं जातो, नाव तिथं रानाच्या तोंडाशी झाडाला बांधून ठेवतो, आणि स्वतः पोहत माघारी येतो. कशासाठी? तर पोरीला परत यावंसं वाटलं तर तिला नाव असावी म्हणून.

पिच्चर लांब झालं अशी ओरड झाली म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यातलं थोडं काढून टाकलं. ते पेपरात आलं होतं. पण काढलं काय, ते कुणी लिहिलं नाही. ग्रुपवरच्या एकाही पोरानं तो सीन बघितलेला नाही. मास्तर म्हणायचा, "काका, असा सीन नव्हताच. तुम्हाला स्वप्न पडलं असेल."

आप्पा लिहायचे, "मी जागा होतो. सीन होता. कुनीतरी कापला."

जागं कोण नव्हतं, ते मला विचारा. मास्तरानं एकदा आप्पांना साक्षीदार मागितला. आप्पांनी छाती काढून माझं नाव दिलं आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "बोला अक्का, जे बगितलं ते सांगा." आता थेटरात इतका गार वारा सोडतात, खुर्ची अशी मऊ, आणि मी पहाटे चारला उठून भाकरी थापलेल्या. मी खरं ते बोलले. "मास्तर, मला नदी आठवती. त्याच्यापुढं एकदम दिवे लागले आन माणसं उठायला लागली."

ते अडीचशे जणांनी ऐकलं. आप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भाजी चाखायला आले नाहीत. नवव्या दिवशी भिंतीपलीकडून म्हणाले, "अक्का, झोपायचं व्हतं तर घरी झोपायचं. तिकीट कावून काडलं?"

मी म्हणाले, "तिकीट मी कुटं काडलं? लीलानं काडलं व्हतं."

पलीकडं करवत सुरू झाली. माझी जीभ मीच चावली.

कारण लीलेचं नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं. पहिला भाग येऊन वर्ष झालं नसेल, तोवर तिनं आपल्या पसंतीनं पुण्यात लग्न केलं. मुलगा चांगला, पण जातीतला नाही. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "ह्या दारात पुन्यांदा यायचं न्हाई." तीही त्यांचीच लेक. आली नाही. फोनचा नंबरसुद्धा बदलला. बरी आहे, एवढं एका मावशीकडून कळायचं.

आप्पांची बायको, शांता वैनी, माझ्याकडे गहू निवडायला बसायची तेव्हा कधीतरी बोलून जायची. "पिच्चरवाल्यायनी कापलेलं जोडा म्हनून मागं लागलेत, आन सोताच्या हातानं…" एवढं म्हणून खडे वेचायला लागायची.

आप्पांचा निश्चय मात्र वाढतच गेला. त्यांनी पिच्चर काढणाऱ्या कंपनीला पत्रं लिहिली. उत्तर आलं, 'आपल्या प्रेमाबद्दल आम्ही आभारी आहोत.' ते मशीनच पाठवतं, असं माझ्या नातवानं सांगितलं. आप्पांनी ते कागदावर काढून तोट्यांच्या कपाटावर चिकटवलं. "बगा. सीन न्हवता असं म्हनले का? न्हाई म्हनले."

तिसऱ्या भागात काय व्हावं, याच्यावर ग्रुपवर रोज चर्चा. कोण राजा होणार, कोण मरणार. आप्पांचं एकच मागणं. मेघांगी माघारी घरी यावी. पोरं म्हणायची, काका, ती तर गरुडावर बसून येईल, मोठी लढाई होईल.

आप्पांनी त्याला बोलून उत्तर पाठवलं. मी भिंतीआडून ऐकलं. "गरुडावर बसून माहेरी कोन येतं बे? सगळा गाव गोळा हुईल. ती हळूच येनार. नदीपशी येनार. आन तितं नाव नसंल तर माघारी फिरंल. म्हनून म्हनतो, तो सीन पायजे. त्याच्याबिगर तिसरा भाग हुतच न्हाई."

हसरी तोंडं येऊन पडली ढीगभर. मी पण हसले, खोटं कशाला सांगू.

आणि मग या श्रावणात बातमी आली. तिसऱ्याच्या आधी पहिला भाग पुन्हा काढणार, कापलेलं सगळं जोडून. आप्पा त्याला लांब प्रिंट म्हणतात. मोबाइलवर, टीव्हीवर, घरबसल्या बघायचा. आप्पांनी ग्रुपवर लिहिलं, 'आता दूध का दूध, पानी का पानी.' मास्तरानं लिहिलं, 'सीन निघाला तर मी मांजरसुंब्याला येऊन तुमच्या पाया पडेन. नाही निघाला तर तुम्ही मान्य करायचं.'

आप्पा म्हणाले, "मंजूर."

रविवार होता. एरवी मयताला सुद्धा अर्धंच शटर ओढणाऱ्या आप्पांनी त्या दिवशी दुकान पूर्ण बंद केलं. लाइट जाईल म्हणून इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बसेल म्हणून शेजारच्या ढाब्याचं जनरेटर सांगून ठेवलेलं. मला बोलावणं आलं, सोबत ताकीद. "अक्का, ताठ खुर्चीवर बसा. शांते, पंखा बंद कर, ह्यांना झोप यायला नको."

साडेअकराला सुरू झालं. घामानं माझं लुगडं भिजलं, पण डोळा मिटला नाही. नवीन जोडलेलं आलं की आप्पा बोट वर करायचे. राजाचं जेवण वाढवलं होतं. गरुडाचं उडणं वाढवलं होतं. "बगा, हे सगळं कापलं व्हतं. मी म्हनलं न्हवतं?" त्यांचा चेहरा असा फुललेला मी किती वर्षांत बघितला नव्हता.

मग नदी आली. मेघांगी पाय न वाजवता निघाली. नाव पाण्यात गेली. धुकं. पलीकडचा काठ. ती रानात शिरली. आप्पा खुर्चीच्या कडेला येऊन बसले.

आणि एकदम राजवाडा आला. नगारे.

आप्पांनी मागं घेतलं. पुन्हा नदी, पुन्हा रान, पुन्हा नगारे. तिसऱ्यांदा मागं घेतलं. वैनी हळूच म्हणाली, "पुढं आसंल हो." पुढचं सगळं बघितलं. शेवटची नावं संपेपर्यंत बघितलं. नव्हतं.

ग्रुपवर तोवर फटाके फुटल्यासारखं चाललं होतं. मास्तर त्या मानानं सौम्य. 'काका, ठरल्याप्रमाणे आता मान्य करा. राग नाही.'

आप्पांनी तिथल्या तिथं लिहिलं, 'मी पाहिलं आहे. मान्य करणार नाही.'

मी म्हणाले, "आप्पा, मी बोलू का मोबाइलवर? म्हनते की आता आठवलं, मी पन बगितला व्हता."

"नको अक्का. झोपलेल्या मानसाची साक्ष नको." मग टीव्हीकडं बघत म्हणाले, "साक्षीदार हाय एक. त्या ग्रुपवर मला तिनंच घातलतं. आता ती हाय का गेली, म्हाईत न्हाई. चार वर्सं झाली, मी रोज त्या सीनचं काढतो. कवातरी वाचंल म्हनून."

वैनी पदरात तोंड घालून आत गेली. मी घरी आले. खानावळीत त्या दिवशी माझ्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी मी तोटी घ्यायला म्हणून दुकानात गेले. तोटी मला नको होती. आप्पा एका लिंबागणेशच्या गिऱ्हाइकासाठी पाइप मोजत होते, आणि शेजारी गल्ल्यावर मोबाइल टिंगटिंग वाजत होता. पोरांची टिंगल अजून संपली नव्हती. गिऱ्हाईक पाइप घेऊन गेलं. आप्पांनी हात पुसून मोबाइल उचलला आणि तसेच उभे राहिले.

"अक्का, तुमाला वाचता येतं ना बारीक? वाचा."

कुठला तरी अनोळखी नंबर. नाव नाही, फोटो नाही. लिहिलं होतं, 'सीन होता. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला होता. म्हातारा नाव पलीकडे बांधून पोहत आला. चपला दातात धरून.'

"ह्ये चपलांचं काय?" मी विचारलं. "तुमी तर कधी चपलांचं बोलला न्हाई."

आप्पा पाइपांच्या गठ्ठ्यावर बसले. "व्हत्या. भिजू नयेत म्हनून दातात धरल्या त्यानं. आमी दोघंबी थेटरात असं हसलो, का पुढचा मानूस मागं वळून खेकसला. अक्का, ते मी कुनालाच सांगितलं न्हवतं. तुमच्या वैनीला पन न्हाई."

"कावून?"

"उगा दया येऊन कुनीबी म्हनलं असतं, हो आप्पा, मी बगितलं. तुमीच काल म्हनत व्हत्या. खरा मानूस वळखायला एक खूण हातात ठिवावी लागती."

मग त्यांनी मोबाइल जवळ धरला आणि एका अंगठ्यानं लिहायला लागले. मला वाटलं, आता मास्तराची धडगत नाही. चार वर्षांचा हिशोब काढणार, पाया पडायला बोलावणार. पण त्यांचा अंगठा लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. चौकातून दोन एसट्या गेल्या तरी त्यांचं चालूच. शेवटी एकदाचं पाठवलं. माझ्या मोबाइलवर नातवानं तो ग्रुप टाकून ठेवलाय, म्हणून मलाही दिसलं.

'जेवलीस का?'

सकाळचे अकरा वाजले होते. अडीचशे माणसांच्या ग्रुपवर नुसती प्रश्नचिन्हं यायला लागली. कुणालाच काही कळेना. मग मास्तर आला. बिचारा, मदत करायला गेला. 'काका, घरचा मेसेज चुकून ग्रुपवर पडलाय. डिलीट करू का?'

आप्पांनी या वेळी मात्र वेळ लावला नाही.

'हात लावू नका मास्तर. बरोबर जागी पडलाय.'