न उघडलेल्या बाटलीचे ब्याण्णव टक्के

“सर, ही बाटली शेवटची उघडली कधी?”

माझ्या मैत्रिणी प्रतीक्षा अन् पौर्णिमानं पैज लावली होती: सरांना हे विचारून दाखव, एक प्लेट गिलावडा. म्हणून मी, प्रणाली, बारावी विज्ञान, दर्यापूर, भर प्रयोगशाळेत उभी राहिले. बाटलीत उत्प्रेरक आहे, ऱ्होडियमचा लाल कॉम्प्लेक्स. चिमूटभर टाकला की तो दोन कार्बनांमधल्या दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडून देतो आणि स्वतः होता तसाच मोकळा होतो. बाटलीला सील आहे आणि सीलवर दरवर्षीच्या दसऱ्याचं हळदकुंकू.

शेखर सरांनी चष्मा पुसला. “उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होते का?”

“नाही, सर.”

“मंग? जेवढा होता तेवढाच आहे. प्रयोग झाल्याचा याहून मोठा पुरावा कोणता पाह्यजे तुले?”

वर्ग हसला. मी जर्नलमध्ये ‘प्रयोग केला नाही’ असं लिहिलं, तेव्हा कोणीच हसलं नाही. सरांनी सही नाकारली. आणि सहीशिवाय बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला बसता येत नाही.

प्राचार्यांनी त्रिसदस्यीय समिती नेमली. एक सदस्य अकोल्याहून आले, एक अमरावतीहून. तिसऱ्यांनी फोनवर सहमती कळवली. समितीने बाटलीचे बाहेरून सखोल निरीक्षण केले, नारळ फोडला आणि अहवाल दिला: ‘उत्प्रेरकात कोणताही बदल आढळला नाही. सबब प्रयोग नियमित होत आहेत. शुद्धता टिकावी म्हणून बाटली यापुढेही उघडू नये. विद्यार्थिनीने उत्पादन ब्याण्णव टक्के लिहावे.’

ब्याण्णवच का? मी मागे मागे विचारत गेले. पौर्णिमानं तिच्या ताईच्या जर्नलातून उतरवलं, ताईनं शेजारच्या कौशल्याताईच्या आणि कौशल्याताईनं माझ्या आईच्या.

“हो, मीच लिवलं,” आई भाजी निवडत म्हणाली. “नव्वद जरा गोल दिसत होतं.”

“लिवून टाक ना मायबाई,” बाबा म्हणाले. “काहून वर्स घालवतं? मीबी तेच लिवलं होतं. काही अडलं का? आज सरकारी लॅबमधी बियाण्याची उगवण तपासून राहिलो.”

“किती टक्के येते उगवण, बाबा?”

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तुम्ही हसू नका. तुमच्या जर्नलात किती होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

मी टीव्ही बंद केला. “आई, बाबा, ऐका. मी शून्य टक्के लिहून राहिली. बसू दिलं नाही तं पुढच्या वर्साले बसीन.”