चौदा महिन्यांतली एकच खोटी सही

"मुळीक, या तालुक्यात तीक्ष्ण नजरा दोनच. एक घारीची, दुसरी माझी. आणि घारीला वाचता येत नाही."

त्र्यंबक झांबरे असं म्हणाले की गेनू मुळीक मान डोलवायचा. एसटीत असताना गेनू कंडक्टर होता आणि झांबरे तिकीट तपासनीस. अठ्ठावीस वर्षं झांबऱ्यांनी नुसत्या चेहऱ्यावरून विनातिकीट प्रवासी हेरले. त्यातल्या निम्म्यांकडे तिकीट निघालं, हा तपशील ते सांगत नसत. रिटायर झाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली, 'गुप्तहेर. वेळ सकाळी नऊ ते बारा. शनिवारी बंद.' गेनू त्यांचा सहायक झाला, कारण घरी बसलं की बायको दळण आणायला पिटाळायची.

त्या सोमवारी नवाच्या ठोक्याला बोरमाळचे सरपंच तणतणत आले. म्हणजे जालिंदर खरमाळे. कागदावर सरपंच त्यांची बायको, मैनाताई, कारण जागा बायकांसाठी राखीव होती. पण गाव जालिंदररावांनाच सरपंच म्हणायचं आणि मैनाताईंना 'सरपंचांची मंडळी'. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर गेनूलाही नाही.

"झांबरे, घात झाला! माझ्या बायकोची कुणीतरी खोटी सही मारली!"

त्यांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावरून काढून आणलेली नोटीस समोर आपटली. 'खालच्या आळीचे पाणी उद्यापासून दुपारी बाराऐवजी सकाळी सहा वाजता सुटेल.' खाली सही.

"सहाचं पाणी माझ्या गाड्या धुण्याच्या सेंटरला असतं. ते काय वाऱ्यावर सोडू? अकराला ग्रामसभा आहे. तिथं सही खोटी असल्याचं सिद्ध करा, नोटीस रद्द!"

गेनूनं नोटीस दोनदा वाचली. त्याची लेक खालच्या आळीतच नांदत होती. दुपारी बाराला आळीतल्या सगळ्या बाया खुरपायला गेलेल्या असायच्या, म्हणून त्याची नात मधल्या सुट्टीत हंडा भरायला घरी यायची आणि शाळेत परत जायचीच नाही. नोटीस खोटी असो नाहीतर खरी, ती टिकावी असं त्याला मनापासून वाटत होतं. पण सहायकाला कोण विचारतो?

झांबऱ्यांनी भिंग काढलं. शेजारी जालिंदररावांनी आणलेलं ग्रामपंचायतीचं रजिस्टर उघडलं. चौदा महिन्यांच्या सह्या, एकजात झोकदार, खाली दोन रेघा आणि दोन ठिपके. नोटिशीवरची सही मात्र सावकाश काढलेली, अक्षर न् अक्षर सुटं.

"पाहिलंत? किती जपून काढलीय! आपली स्वतःची सही कुणी इतकी जपून करतं का? आणि अक्षरं डावीकडे कलताहेत. गुन्हेगार डावखुरा!"

"सखाहरी डुंबरे!" जालिंदरराव ओरडले. "त्याची बायको निवडणुकीत हरली! डावऱ्या हातानं जेवतो!"

तिघं डुंबऱ्यांकडे गेले. डुंबऱ्यांचा डावा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. आज महिना झाला, बैलानं पाडलं होतं.

"नाटक असेल," झांबरे म्हणाले आणि प्लास्टरवर टकटक केलं. डुंबऱ्यांनी उजव्या हातानं काठी उचलली, तेव्हा तपास पुढं सरकला.

मग ग्रामसेवकावर संशय. त्याचं अक्षर तपासलं, तर ते कुणालाच लागेना. खुद्द ग्रामसेवकालाही लागेना.

"साहेब," गेनू हळूच म्हणाला, "कोपऱ्यात पिवळा डाग आहे बघा. बोटाचा."

झांबऱ्यांनी कागद हुंगला. डोळे लकाकले. "हळद! मुळीक, गुन्हेगार नवरदेव आहे! अंगाला हळद लागली असतानाच त्यानं हे कृत्य केलं. गावात लग्न कुणाचं?"

लग्न पाटलांच्या बंड्याचं होतं, पण ते अजून पुढच्या महिन्यात. तरी झांबऱ्यांनी त्याची उलटतपासणी घेतली आणि त्यानं घाबरून तीन वर्षांपूर्वीची एक कोंबडी कबूल केली.

"साहेब, मैनाताईंनाच विचारू या का?"

"वेडे का काय मुळीक! ज्यांची सही चोरली त्यांना काय ठाऊक असणार?"

"तिला काय कळतंय त्यातलं," जालिंदररावांनी दुजोरा दिला.

अकराला ग्रामसभा भरली. सरपंचांच्या खुर्चीत जालिंदरराव ऐसपैस बसले. मैनाताई खाली सतरंजीवर, बायकांच्या घोळक्यात. झांबऱ्यांनी घसा खाकरला.

"ग्रामस्थहो! गुन्हेगार डावखुरा आहे, त्याचं लग्न ठरलेलं आहे आणि तो या क्षणी याच सभेत..."

गेनूला नातीची शाळेतल्या बाकावरची रिकामी जागा डोळ्यांसमोर दिसत होती. त्याला राहवेना. आयुष्यात पहिल्यांदा तो साहेबांच्या पुढं गेला. खिशातलं पेन आणि एक कोरा कागद त्यानं मैनाताईंसमोर धरला.

"ताई, इथं एक सही करता?"

मैनाताईंनी पेनाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. कागद मांडीवर घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर जपून काढत सही केली. गेनूनं ती नोटिशीशेजारी धरली. कमी ना जास्त, तीच.

"नोटीस मीच काढली," मैनाताई उठून उभ्या राहिल्या. "फोडणी टाकता टाकता उठले न् सही केली, मन बदलायच्या आत. हात धुवायचंबी सुचलं नाही. निवडणुकीचा अर्ज भरताना एक सही केली होती, त्यानंतर पेन हातात आलं ते आज सकाळीच. झांबरेभाऊ, तुम्ही एवढे मोठे गुप्तहेर. त्या रजिस्टरातल्या चौदा महिन्यांच्या सह्या कुणाच्या आहेत, तेवढं शोधून द्या की."

मग एकदम सगळ्या बायका हसल्या.

"अगं, तुला त्रास नको म्हणून..." जालिंदरराव पुटपुटले.

"त्रास मला होऊ द्या. पाण्याचा त्रास पोरींना नको."

ग्रामसेवकानं विचारलं, पाणी सकाळी सहाला कुणाकुणाला मान्य आहे? खालच्या आळीचे सगळे हात वर गेले. सखाहरी डुंबऱ्यांचाही एक गेला, उजवा.

झांबरे मात्र खुर्चीत बसलेल्या जालिंदररावांसमोर जाऊन उभे राहिले होते. तोच चेहरा, खिडकीबाहेर बघणारा, घाम पुसणारा. अठ्ठावीस वर्षं हजारदा पाहिलेला, आणि या वेळी ओळखण्यात चूक नव्हती. त्यांचा हात सवयीनं पुढं झाला.

"तिकीट?"

जालिंदरराव उठले. मैनाताईंनी पदरानं खुर्ची पुसली आणि बसल्या. मागं उभ्या गेनूचा हात आपोआप वर गेला आणि न दिसणारी दोरी त्यानं दोनदा ओढली.

"टिंग टिंग," तो म्हणाला. "चला, जाऊ द्या पुढं!"