हॉर्नवरचा फ्रीज

आमच्या वरंधचे तुकादादा गाडी काढण्याआधी तिच्या मागच्या दाराशी जातात, घंटीची दोरी दोनदा ओढतात आणि मग धावत पुढे येऊन स्वतःच स्टिअरिंगवर बसतात. गाडीत दुसरं कुणी नसतं. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. डबल बेल म्हणजे निघा, सिंगल म्हणजे थांबा, हा कायदा त्यांच्या अंगात मुरलाय. ड्रायव्हरही तुम्ही आणि कंडक्टरही तुम्हीच, मग घंटी कुणासाठी, असं मी एकदा विचारलं.

"ड्रायवरनं आपल्या मनानं गाडी काढायची नसते, मास्तर," ते म्हणाले.

ही गाडी म्हणजे एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस. निवृत्तीनंतर दादांनी ती घेतली, बाकं उपटून आत पलंग, शेगडी आणि पाण्याचं पिंप बसवलं, पलंगावरून मागच्या दारापर्यंत एसटीसारखी घंटीची दोरी टांगली आणि त्या वयात लायसन काढलं. घरी दादा एकटे, खोल्या चार. अशा माणसाला चाकांवर आणखी एक घर कशाला हवं, हे गावाला कळेना. विचारलं की "लागंल कदीतरी" म्हणून ते विषय संपवायचे. आम्ही त्यांना अर्धवट ठरवून मोकळे झालो.

यंदा त्या गाडीत छोटा फ्रीज आला. त्याचं कारण मात्र त्यांनी सांगितलं. त्यांची गाय चांदी व्यायला झाली होती आणि मुंबईला आक्काकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, चीक न्यायचा होता. आई लवकर गेली, दादांना वाढवलं ते आक्कानंच. गुडघ्यांमुळे तिचं गावी येणं बंद झालेलं, आणि दर फोनवर ती खरवसाची आठवण काढायची. मागल्या खेपेला दादांनी एका ओळखीच्या कंडक्टरबरोबर चीक धाडला, तो पनवेल यायच्या आतच नासला. "औंदा नासला तर आक्काला तोंड दावणार नाय," असं ते मला दोनदा बजावून गेले, जणू मागचा मीच नासवला होता.

फ्रीजसाठी गाडीत प्लग हवा. तो दादांनी स्वतः बसवला. मी शाळेत विज्ञानाचा तास घेत होतो, तेवढ्यात हॉर्न वाजू लागला आणि थांबेचना. वर्ग विज्ञान सोडून खिडकीला लटकला. मी तणतणत दादांच्या अंगणात गेलो, तर हे हॉर्नवर तळहात दाबून शांत बसलेले. प्लगची वायर त्यांनी हॉर्नच्या वायरीला जोडली होती. हॉर्न दाबला तरच फ्रीज चालायचा.

"अर्धा तास झाला, मास्तर. बाटली गार पडाय लागलीय."

मुंबईपर्यंत असेच जाणार का, असं मी विचारलं. हायवेला कोण कुणाचा हॉर्न ऐकतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शेवटी महाडहून जाड वायर आणली. मी बॅटरीपासून थेट वेगळी लाइन ओढली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला आणि फ्रीजशेजारी प्लग बसवला. फ्रीज मुकाट्यानं सुरू झाला तेव्हा दादा जरा हिरमुसलेच.

चांदी रविवारी पहाटे व्याली आणि सकाळी आम्ही दोघं निघालो. म्हणजे निघणार होतो. मुंबईला गाडी चालली की घरटी एक पिशवी तिच्यात द्यायची, ही आमच्याकडची रीत, आणि ही तर फ्रीजवाली गाडी. दादा सवयीनं प्रत्येकाला "जागा हाय, जागा हाय" म्हणत गेले, आणि अखेर चिकाच्या डब्यालाच जागा उरली नाही. मग मीच कंडक्टर झालो आणि सुकटीच्या तीन पिशव्या फ्रीजमधून खाली उतरवल्या.

चीक नासला नाही. आक्काच्या चाळीखाली गाडी लावली, आम्ही दोघांनी तिला हात देऊन आत चढवलं आणि दादांनी तिथेच शेगडीवर खरवस उकडला. आक्का पलंगावर पाय घेऊन बसली. खरवस निवेपर्यंत दादा भांडी धुवायला खाली उतरले तेव्हा ती माझ्याशी बोलू लागली.

"आमची खोली येकच. ह्यो ऱ्हायला तर माझा पोरगा जिन्यात झोपतो, ते ह्याला बघवत नाय. जेवला का उठतो, म्हणतो ड्युटी हाय. निवृत्त झाला तरी ह्याची ड्युटी काय सरत नाय."

ज्या पलंगावरून आम्ही गावभर हसलो, त्यावरच ती बसली होती. मला माझीच लाज वाटली.

दादा परत आले. पहिला घास आक्कानं त्यांना भरवला. खरवस संपला, उन्हं कलली आणि दादा सवयीनं उठून उभे राहिले.

"निघतो गो आक्का. ड्युटी हाय."

आक्कानं बसल्या जागेवरून हात लांबवला आणि घंटीची दोरी एकदाच ओढली.

दादा खाली बसले.