जागा बदलणारं बदक

चष्मेवाले दुपारी जेवून उठले, खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसले, भरतकामाची रिंग हातात घेतली आणि बघतात तर तळ्यात बदक. पुरतं बदकही नाही. नुसती पांढरी मान आणि थोडीशी पाठ. सोबतच्या नकाशाप्रमाणे बदक अगदी शेवटी, उजव्या काठाला, लव्हाळ्याशेजारी भरायचं होतं. हे होतं डाव्या काठाला, आणि चष्मेवाले तर अजून घराच्या लाल कौलांवरच होते.

'हे मी कधी केलं?' ते मनातल्या मनात म्हणाले. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती, कारण बायको समोरच वर्तमानपत्र वाचत बसली होती आणि तिचं अर्धं लक्ष वर्तमानपत्राबाहेर असायचं.

तशी त्यांना शंका आली ती बदकाची नाही, स्वतःचीच. क्रॉस-स्टिच हा प्रकार मोजणीचा. चौकटीचौकटीचं कापड, त्यात एकेक चौकट मोजायची आणि दोऱ्याची एकेक फुली घालायची. चार चौकटी उजवीकडे, दोन खाली, रंग बदला. यात मन जागेवर लागतं, आणि चष्मेवाल्यांचं मन जागेवर असल्याचं त्यांच्या आईलाही आठवत नव्हतं. पहिली कौलं भरता भरताच ते त्या चित्रातल्या घरात राहायला गेले होते. तळ्याकाठचं घर, खिडकीत पिवळा उजेड, बांधून ठेवलेली होडी. दाराची बिजागरी जरा कुरकुरते हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. तिथे सकाळी उठून दुकान उघडायचं नव्हतं आणि दिवसभर माणसांच्या नाकावर भिंगं बदलत "आता बरं दिसतंय की मघाशी?" असं विचारायचं नव्हतं. अशा तंद्रीत हाताने एखादं बदक घालून टाकलं तर नवल नव्हतं.

त्यांनी गुपचूप बारीक कात्री घेतली आणि बदक उसवलं.

गुपचूप अशासाठी, की घरात त्यांची ख्याती आरंभशूर म्हणून होती. गिटार आणली, तीन सूर शिकले, खोक्यात ठेवली. मागच्या खोलीची भिंत रंगवायला घेतली आणि हात पोचतो तिथे रंग थांबला. एक परकी भाषा शिकायला घेतली ती 'आपण कसे आहात' इथवर आली. समोरच्याने उत्तर दिलं असतं तर पंचाईत होती. यातली प्रत्येक गोष्ट शेवटी बायकोने तडीस नेली. वरची भिंत तिने स्टुलावर चढून रंगवली आणि गिटार गरजूला देऊन टाकली. भाषेचं तेवढं तिला काही करता आलं नाही.

या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि शनिवारी ती जाणार होती. तिथे घेतलेल्या खोलीचे फोटो तिने दाखवले. पलंग, कपाट, आणि पलंगासमोर कोरी भिंत. भिंतीत एक खिळा.

"बाबा, या खिळ्याला लावायला मला तुमच्या हातचं काहीतरी हवंय," ती म्हणाली होती आणि हे भरतकामाचं पाकीट तिनेच आणून दिलं होतं. "पण पूर्ण तुम्हीच करायचं. आईने हात लावायचा नाही."

"शनिवारपर्यंत करतील की," बायको म्हणाली होती. "कुठल्या सालच्या ते तेवढं विचारून घे."

तेव्हापासून तो खिळा चष्मेवाल्यांच्या डोक्यात ठोकला गेला होता. लेक रात्री दिवा मालवायच्या आधी जिकडे बघणार, तिथे एक उघडा खिळा असावा आणि तो आपल्यामुळे असावा, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी घरात जाहीर करून टाकलं, की या रिंगेला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बदक तळ्याच्या मधोमध होतं. आणि तोंड दुसरीकडे करून होतं.

त्यांनी पुन्हा उसवलं. त्यापुढच्या दुपारी ते होडीला लागून होतं आणि या वेळी त्याला शेपटीही आली होती. चष्मेवाले कात्री हातात धरून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. खिडकीतून ऊन येत होतं, पडदा जरा हलत होता, आणि डोळे थोडे मिटले की तळ्यावर बारीक तरंग उठल्यासारखं वाटत होतं. सकाळी गारवा असतो तेव्हा ते काठाला जात असेल, ऊन चढलं की होडीच्या सावलीला येत असेल. त्यांना हे इतकं पटलं, की त्या दिवशी उसवताना त्यांनी पुटपुटून बदकाची माफी मागितली.

"कोणाशी बोलताय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कोणाशी नाही. मोजतोय."

पण माणूस कितीही तंद्रीतला असला तरी धंद्याने चष्मेवाला होता. जागच्या वस्तू हलताना दिसायला लागल्या तर आधी डोळे तपासावेत, एवढं त्याला कळत होतं. दुकानात गेल्यावर त्यांनी स्वतःलाच गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्याकडे बघितलं. सगळ्यात खालची ओळसुद्धा त्यांनी धडाधड वाचली. मग लक्षात आलं की डोळे मिटूनही ती तितकीच धडाधड वाचता येतेय. तक्ता इतक्या वर्षांत पाठच झाला होता.

म्हणून त्यांनी शेजारच्या बेकरीवाल्याला बोलावलं, हातात कागद दिला आणि म्हणाले, "मनाला येतील ती अक्षरं लिही. वर मोठी, खाली बारीक. आणि तिथे लांब धरून उभा राहा."

बेकरीवाल्याने मन लावून लिहिलं. आता त्याचं अक्षर असं, की केकवर नाव घालायचं असलं की तो बायकोला बोलवायचा. चष्मेवाल्यांनी वरची ओळ बघितली, खालची बघितली, डावा डोळा झाकला, उजवा झाकला.

"काही वाचता येत नाही," ते म्हणाले.

"वरचं पण नाही?" बेकरीवाल्याने कळकळीने विचारलं. "वरचं तर मलाही जवळजवळ वाचता येतंय."

झालं. चष्मेवाल्यांनी स्वतःला चांगला दणदणीत नंबरचा चष्मा करून घेतला. नव्या चष्म्यातून प्रत्येक चौकट खोलीच्या फरशीएवढी दिसू लागली आणि जमीन पायांपासून अंमळ दूर गेली. त्या चष्म्याने भरलेलं घराचं दार पायरीपासून एक चौकट वर, हवेत लटकलं. दार उसवावं लागलं. दाराला लागून खिडकी होती, मग तीही गेली. त्यात रोज बदकावर खर्च झाल्यामुळे पांढरा दोरा संपत आला, आणि धुराड्यातून वर आभाळापर्यंत जायचा धूर त्यांना कौलांपाशीच आवरता घ्यावा लागला.

लेक सामान बांधता बांधता डोकावून गेली.

"बाबा, होईल ना?"

"होईल की," ते म्हणाले. ती गेल्यावर ते त्या बिनदाराच्या घराकडे बघत बसले. आता त्यांना आत जाताही येईना. त्यांना खरोखर भीती वाटत होती. लोक आरंभशूर म्हणत तेव्हा ते हसण्यावारी नेत, पण लेकीने कधी तसं म्हटलं नव्हतं, आणि तिने न म्हणण्यावरच त्यांची सगळी भिस्त होती.

शनिवारी सकाळी त्यांनी दुकान उघडलं आणि तासाभरात बंद केलं. लेकीला न्यायला दुपारआधीच गाडी येणार होती. दार, खिडकी कालच्या बैठकीत पुन्हा जागेवर आली होती, होडीही बांधून झाली होती. राहिलं होतं ते एक बदक, नकाशातल्या जागेवरचं. ते घरी आले, किल्लीने दार उघडलं. लेक आतल्या खोलीत बॅगेवर बसून बॅग बंद करत असल्याचे आवाज येत होते. आणि खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत बायको होती.

ती ताडकन उठली. दोन्ही हात पाठीमागे नेले.

"काय करत होतीस?"

"काही नाही. खुर्ची पुसत होते."

"मग ते गुडघ्यावर काय लटकतंय?"

तिने खाली बघितलं. तिच्या गाऊनच्या पुढच्या बाजूला रिंग लोंबत होती. घर, होडी, तळं, सगळं. तिने हाताने ओढून बघितलं, तर गाऊनही सोबत आला. घाईघाईत टाके घालताना तिने बदक कापडावर आणि कापड गाऊनवर, असं एकदमच शिवून टाकलं होतं.

चष्मेवाले हळूच खुर्चीच्या हातावर टेकले.

"म्हणजे बदक तू घालत होतीस?"

"मग काय, आपोआप पोहत होतं?"

गेले दोन दिवस त्यांचं अगदी हेच मत होतं.

"तुम्ही रोज रिंग हातात घेऊन नुसते तंद्रीत बसलेले दिसायचात," ती म्हणाली. "मला वाटलं, गेलं हेही गिटारीच्या वाटेने. पोरीपुढे तुमची मान खाली जायला नको म्हणून मी बदक भरायला घेतलं. सगळ्यांत लहान तेच होतं. तुम्ही दुकानात गेलात की घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर गायब. म्हटलं माझी जागा चुकतेय, म्हणून दुसरीकडे घालायचे."

"आणि मी समजलो माझे डोळे गेले. नंबर वाढवून घेतला मी."

"कोणाला विचारून?"

"बेकरीवाल्याला."

बायकोने कपाळाला हात लावला. तेवढ्यात लेक बॅग ओढत बाहेर आली आणि आईकडे बघून थांबली.

"आई, तू बदक का नेसलीयेस?"

सगळा प्रकार सांगून होईपर्यंत खाली गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. लेकीने रिंग उचलून बघितली, गाऊनसकट, त्यामुळे आईलाही जवळ यावं लागलं.

"बदकाच्या फुल्या उलट्या बाजूला झुकल्यात," ती म्हणाली. "बाबा डावरे, तू उजवी. बाबा, तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं."

दिवसभर लोकांना 'बरं दिसतंय का' विचारणाऱ्या माणसाने मान खाली घातली.

"उसवतो," ते म्हणाले. "पुन्हा घालतो. गाडीवाल्याला थांबव."

"पांढरा दोरा कुठाय?" बायको म्हणाली. नव्हताच. उरलेला सगळा त्या बदकात गेला होता. ती आत गेली, साडी नेसून गाऊन हातात घेऊन आली, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने गाऊनलाच कात्री लावली.

"अगं, नवा होता तो."

"बदकही नवंच आहे," ती म्हणाली आणि निळ्या फुलांचा एक तुकडा बदकाच्या मागे राहू देऊन तिने चित्र मोकळं केलं. मग ते नवऱ्यापुढे धरलं. "घ्या. चोच आणि डोळा राहिलाय."

"तू सुरू केलंस, तूच कर."

"मला नाही जमत हो. रोज तिथेच अडते मी."

चष्मेवाल्यांनी नवा चष्मा काढला, जुना घातला. सुईत नारिंगी दोरा ओवला. या वेळी ते कुठेही राहायला गेले नाहीत. घराचं दार उघडं होतं, खिडकीत दिवाही होता, पण ते बाहेर खुर्चीवरच बसून मोठ्याने मोजत राहिले. चोच झाली. डोळ्याची एक काळी फुली घातली, दोरा मागच्या टाक्यांखालून सरकवला आणि कापला.

"झालं," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द त्या घरात कोणी ऐकलेला नव्हता. खाली हॉर्न वाजला.

"आता हे कोणी केलं म्हणून सांगू?" लेकीने विचारलं. बायको तिच्या पाठीमागून 'तुम्ही केलं म्हणा' असं खुणावत होती.

चष्मेवाल्यांनी ती खूण बघितली. आयुष्यभर वाट बघितलेली गोष्ट आयती पदरात पडत होती.

"घर माझं," ते म्हणाले. "बदक आईचं."

लेकीने कडेचं जास्तीचं कापड कापून टाकलं आणि चित्र टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मध्ये ठेवलं. जिन्यात दोघांच्या गळ्यात पडून ती हसलीही आणि रडलीही, आणि गेली.

संध्याकाळी घर फार मोठं वाटायला लागलं. चष्मेवाले खिडकीजवळ बसले, पण हातात काही नव्हतं, आणि राहायला जायचं ते घरही लेकीबरोबर गेलं होतं. सुरू केलेलं संपलं की पुढे असं होतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

जरा वेळाने ते चहाचं विचारायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर अर्धी भाजी चिरलेली, अर्धी तशीच. बायको खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. चित्राच्या कडेचं कापलेलं कापड तिच्या मांडीवर होतं आणि त्यावर पिवळ्या दोऱ्याने काहीतरी उगवत होतं. इतक्या वर्षांत तिने दुसऱ्यांनी टाकलेलं उचलून पुरं केलेलं त्यांनी बघितलं होतं. स्वतःहून काही सुरू केलेलं आज पहिल्यांदा बघत होते.

"हे काय आता?"

"पिल्लू आहे," ती म्हणाली.

"आणि तळं?"

"बघू नंतर. आधी तळंच हवं असं थोडंच आहे?"

"चहा टाकतेस का?"

तिची सुई अर्ध्यावर थांबली होती, नजर कापडावर होती, पण कापडावर नव्हती. ती कुठे गेली आहे ते चष्मेवाल्यांना लगेच ओळखू आलं. अशा वेळी माणसाला हाक मारू नये, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी आवाज न करता चहाचं आधण ठेवलं, सुरी घेतली आणि उरलेली भाजी चिरली. सगळी.